आपल्याच रानात, हातात रायफल आणि समोर न विचारता घुसलेला माणूस, तुम्ही काय करता?

डोंगरवाट_पीए
८ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आठवडा झाला, झोप नीट लागत नाहीये म्हणून लिहितोय. इथे शिकार करणारे फार कोणी नसतील पण जे आहेत त्यांचं मत हवंय, आणि गावाकडे पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्यांचंही, कारण प्रश्न तोच आहे.

मी पेनसिल्वेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो, मूळचा जुन्नरकडचा. पाच वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी मिळून वर टायोगा काउंटीत ४६ एकर रान घेतलं. ओक आणि हेमलॉक, मधून ओढा, एका बाजूला सरकारी जंगल, दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा मका. दरवर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलने हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो, पूर्वी सोमवारी व्हायचा, २०१९ पासून शनिवार केलाय. तर त्या शनिवारी मी पहाटे सहालाच ट्री स्टँडवर, म्हणजे झाडावरच्या मचाणावर, जाऊन बसलो होतो, दोघं मित्र खाली ओढ्याच्या पलीकडे. रात्री बर्फ पडलेलं, वारा नाही, पान हललेलं ऐकू येत होतं.

साडेआठच्या सुमारास ओढ्याकडून दोन माणसं वर येताना दिसली. दोघांच्या अंगावर केशरी जॅकेट, दोघांकडे रायफली. आमचा ‘प्रवेश बंद’चा बोर्ड ज्या झाडाला ठोकलाय त्याच्या बाजूनंच आली आणि माझ्यापासून शंभर पावलांवर उभी राहून खाली बघत बोलत होती. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पाच वर्षं हप्ते भरून घेतलेली जमीन, वर्षभर वाट बघितलेली सकाळ.

रायफल रिकामी केली, दोरीने खाली सोडली, मग मी उतरलो. इथपर्यंत बरोबर. पण खाली आल्यावर हातानं सवयीने पुन्हा मॅगझिन लावलं आणि बोल्ट पुढे सारला. मनात काही ठरवून नाही, हातानेच केलं. आणि तशीच भरलेली रायफल छातीशी आडवी धरून मी त्यांच्याकडे चालत गेलो आणि तीसेक पावलांवरून पाठीमागून ओरडलो की ही खासगी जमीन आहे.

ते दोघं गर्रकन वळले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या नळ्याही वळल्या. हे मी आधी कधी विचारातच घेतलं नव्हतं. ज्याने बंदूक दोन्ही हातांत धरलीय तो नुसता वळला तरी बंदूक वळते, त्याच्या मनात काही असो नसो. एक नळी माझ्या पोटावरून गेली. माझ्या रायफलचं तोंड कुठे होतं ते मला आजही नक्की सांगता येत नाही, एवढं आठवतं की माझा अंगठा सेफ्टीवर होता. त्यातला तरणा मुलगा जोरात काहीतरी बोलला, मीही जोरात बोललो, शब्द आठवत नाहीत. मग मोठा माणूस एकदम हळू आवाजात मुलाला म्हणाला, चल, निघूया. आणि ते गेले.

मी तिथेच बर्फात बसलो, गुडघ्यात जीव नव्हता. उठल्यावर बघितलं तर ते जिथे उभे होते तिथे बर्फावर रक्ताचे थेंब, लांबपर्यंत गेलेले. जखमी हरणाच्या मागावर आले होते ते. पेनसिल्वेनियात जखमी जनावरामागे जायचं असलं तरी दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे चूक त्यांचीच. पण मरायची वेळ आली होती ती कोणाची, तिघांपैकी कोणाचीही.

मुख्य प्रश्न असा की अशा वेळी बंदुकीचं करायचं काय. खांद्याला लावायची, रिकामी करायची, झाडाला ठेवायची की हातातच ठेवायची? आणि मुळात जायचं का?

---

रोखठोक_नाशिक
८ डिसेंबर, रात्री १०:१५

तुमचा अनुभव वाचून काटा आला, पण मत वेगळं आहे. जमीन तुमची, बोर्ड लावलेला, ते हत्यारं घेऊन आत आलेले. अशा वेळी तुम्ही रिकाम्या हाताने गेला असता आणि त्यांच्या मनात वाईट असतं तर? आमच्या द्राक्षबागेत रात्री मोटारीची केबल चोरायला येतात, त्यांना हात जोडून बोललो तर उद्या पंपही नेतील. समोरच्याकडे हत्यार असताना आपलं खाली ठेवणं मला पटत नाही.

---

ह्यूस्टनकर_आबा
८ डिसेंबर, रात्री ११:०२

डोंगरवाट, पहिलं म्हणजे तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी टेक्सासात २००६ पासून डुकरांची आणि हरणांची शिकार करतो, जमीन माझी नाही, लीजवर घेतलेली आहे. इकडे बहुतेक सगळी जमीन खासगी, त्यामुळे लीजशिवाय पर्याय नसतो आणि घुसखोरीचे प्रसंग दरवर्षीचेच.

माझा नियम साधा आहे, मी चालत जात नाही. लांब असतील तर ट्रेल कॅमेऱ्यावर फोटो आलेला असतोच, नसेल तर दुर्बिणीतून बघतो (रायफलवरच्या दुर्बिणीतून नाही! गळ्यातल्या वेगळ्या. रायफलच्या दुर्बिणीतून माणूस बघणं म्हणजे माणसावर बंदूक रोखणं, हे नवीन पोरांना समजावून समजावून थकलो). गाडीचा नंबर मिळाला तर टिपतो, जमीनमालकाला फोन, मग गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला. वॉर्डनला यायला तास लागतो, दोन तास लागतात, लागू देत. सकाळ वाया जाते, ती जाऊ द्यायची.

रोखठोक, टेक्सासबद्दल लोकांचा समज असा की आपल्या जमिनीवर कोणी आला की गोळी घालता येते. नाही येत. इथल्या कायद्यात मालमत्तेसाठी जीवघेण्या बळाचा वापर कधी करता येतो त्याची यादी आहे, जाळपोळ, घरफोडी, दरोडा, रात्रीची चोरी वगैरे, आणि त्यातही पुढे अटी आहेत. नुसती घुसखोरी त्या यादीत नाही. पेनसिल्वेनियात तर त्याहून कडक असणार.

अजून एक, बोर्ड लोक फाडतात, वाऱ्याने पडतात, मग कोर्टात तो म्हणतो बोर्ड नव्हता. जांभळा रंग मारा, कायद्याने ती प्रवेशबंदीचीच खूण धरतात. आमच्याकडे १९९७ पासून चालतो, झाडावर उभी रेघ, किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांच्या मध्ये, जंगलात दर १०० फुटाला. पेनसिल्वेनियात पण २०२० पासून आलाय ना?

---

डोंगरवाट_पीए
८ डिसेंबर, रात्री ११:३०

हो आलाय, मापंही तीच. आम्ही आळस केला, बोर्डांवर भागवलं, आणि ओढ्याच्या बाजूचे दोन बोर्ड खरंच पडलेले होते हे नंतर कळलं. म्हणजे ते ज्या बाजूने आले तिथे त्यांना बोर्ड दिसला नसण्याची शक्यता आहे. वर झाडावरचा बोर्ड त्यांच्या पाठीमागच्या बाजूला होता.

आबा, रायफलच्या दुर्बिणीबद्दल लिहिलंत ते बरं झालं. मी स्टँडवरून त्यांना आधी कशातून बघितलं ते मी वर लिहिलं नाही. त्याच्यातूनच बघितलं.

---

कातळावरचा_बागायतदार
९ डिसेंबर, सकाळी ७:५०

मी देवगड तालुक्यातला, हापूसची कलमं आणि थोडी काजू. ठासणीची बंदूक आहे, आजोबांच्या नावावरची वडिलांकडे आली आणि मग माझ्या नावावर करायला जे हेलपाटे घातले ते मलाच माहीत. डुकरं आणि माकडं यांनी बाग ठेवली नाही, त्यात दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, नेमकी काजूच्या दिवसांत आली की दोन महिने नुसते डबे वाजवत बसायचं. असो, तो वेगळा विषय.

तुमचा प्रसंग वाचून माझा आठवला. चार वर्षं झाली. मार्चमधली रात्र, काजूच्या बाजूला खसफस झाली, मला वाटलं डुक्करच. मी गडग्याच्या अलीकडे बसलेलो, बंदूक भरलेली, केप (बार पेटवणारी टोपी) लावलेली. आवाज जवळ येतोय, मी घोडा ओढला. डुक्कर चालतो तसाच आवाज, थांबत थांबत. आणि मग कोणीतरी खाकरलं.

एवढंच. एक खाकरणं. ते जर त्या क्षणी आलं नसतं तर मी आज इथे लिहीत नसतो, मी कुठे असतो ते देवाला माहीत. दर वर्षी पेपरात येतंच ना, डुक्कर समजून माणसाला गोळी लागली म्हणून, आणि मारणारा नि मरणारा बहुतेक वेळा एकाच वाडीतले असतात.

मी घोडा हळूच खाली घेतला (हे अंधारात थरथरत्या बोटांनी करणं किती कठीण असतं ते ठासणीवाल्यालाच कळेल, घोडा निसटला तर बार उडणारच), केप काढून खिशात टाकली. ठासणीची एकदा भरली की काडतुसासारखी उघडून रिकामी करता येत नाही, पण केप काढली की ती काठीच. मग बंदूक गडग्याला टेकवून मी दहा पावलं बाजूला सरलो आणि आंब्याच्या खोडामागून हाळी दिली, "कोण रे थंय? पुढे येव नकात, थंयच उभे रव्हा!" सगळं शांत. मग एक आवाज, "काका, आमी आसव. गोळी घालू नकात."

चौघं होते, डोक्याला बॅटऱ्या लावलेले, बॅटऱ्या बंद करून चालत होते. दोघांकडे बंदुका, बिनपरवान्याच्या असणार, मी विचारलं नाही. शेजारच्या वाडीतले, एकाच्या बापाबरोबर मी शाळेत होतो. त्या वेळी मी फक्त एवढंच म्हटलं की आल्या वाटेने जा, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांना घेऊन त्याच्या घरी गेलो, चहा घेतला, आणि त्याच्या बापासमोर सांगितलं की काल तुझा पोर माझ्या बारापुढे होता. बाप रडला. बागेतली फासकीही (डुकरांसाठी लावलेले तारेचे फास) त्यांचीच होती, ती त्यांनीच येऊन काढली, नाहीतर आमच्याकडे फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकतो आणि मग वनखातं बागवाल्याच्या दारात.

तर दादा, तुम्ही विचारलंत बंदुकीचं काय करायचं. मी सांगेन, तोंड उघडायच्या आधी ती गप्प करायची. आणि बॅटरी चेहऱ्यावर मारायची नाही कोणाच्या. ज्याला समोरचं दिसत नाही तो घाबरतो, आणि घाबरलेल्याच्या हातात बंदूक असते.

---

रोखठोक_नाशिक
९ डिसेंबर, सकाळी ९:०५

काका, अंगावर आलं वाचताना. पण तुमची माणसं ओळखीतली निघाली. अनोळखी असती तर बंदूक दहा पावलांवर ठेवून उभं राहणं मला जमलं नसतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

---

मंजिरी_मिनेसोटा
९ डिसेंबर, रात्री ८:२०

मी शिकारी नाही, घरात बंदूक नाही, तरी लिहितेय कारण मी दुसऱ्या बाजूला उभी होते. म्हणजे घुसलेली मी होते.

नोव्हेंबरातला रविवार, मुलगी तेव्हा ९ वर्षांची. स्टेट पार्कच्या बाहेरून एक पायवाट जात होती, मॅपवर दिसत होती, गेलो. मला हे माहीतच नव्हतं की तो हरणांच्या सीझनचा पहिला वीकेंड आहे. माझं जॅकेट तपकिरी, मुलीची लोकरी टोपी पांढरी. आज आठवलं की पोटात गोळा येतो, पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या सीझनमध्ये रानात पांढरी टोपी.

अर्ध्या तासाने झाडांमध्ये एक म्हातारा माणूस दिसला, नखशिखांत केशरी. त्याने आम्हाला आधी बघितलं होतं. मी जागच्या जागी थिजले, मुलीला मागे ओढलं. त्याने काय केलं ते मी एकेक सांगते कारण ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तो आमच्याकडे पाठ होईल असा किंचित वळला, रायफलचा बोल्ट उघडला, गोळी काढली, ती हातमोज्यात धरली, मग रायफल झाडाच्या बेचक्यात ठेवली. मग हातमोजे काढले आणि दोन्ही रिकामे हात वर करून हलवले, जसं आपण लांबून ओळखीच्याला करतो तसं. आणि तिथूनच, जवळ न येता, मोठ्याने म्हणाला की गुड मॉर्निंग, तुम्ही माझ्या जमिनीवर आहात आणि मला तुमची काळजी वाटतेय.

माझी जमीन आहे, निघा, असं नाही म्हणाला. काळजी वाटतेय म्हणाला. मग स्वतःची केशरी टोपी काढून मुलीला दिली आणि आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला, रायफल तिथेच झाडावर ठेवून. ती टोपी अजून आमच्याकडे आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी इथे मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या लोकांना विसरता येत नाही. २००४ च्या नोव्हेंबरात विस्कॉन्सिनच्या सॉयर काउंटीत सेंट पॉलहून गेलेला एक मॉंग समाजाचा (मूळ लाओसकडच्या) शिकारी खासगी जमिनीवरच्या दुसऱ्याच्या डिअर स्टँडवर चढला. मालकांनी हटकलं, तो उतरून चालू लागला, मालकांच्या गटातले लोक मागून आले, बाचाबाची झाली, आणि शेवटी ६ माणसं मेली, २ जखमी झाली. कोण काय बोललं, पहिली गोळी कोणाची, यावर दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं, ज्युरीने २००५ मध्ये त्याला सगळ्या खुनांत दोषी ठरवलं, जन्मठेप झाली. पण त्यानंतर इथल्या सगळ्या मॉंग शिकाऱ्यांकडे लोक ज्या नजरेने बघायला लागले ते मी मॉंग मैत्रिणीकडून ऐकलंय. एका स्टँडवर चुकीचं चढण्यावरून सुरू झालं होतं सगळं. आपण तिथून निघून जात असलेल्या माणसाला पुन्हा गाठून ऐकवायला जातो ना, ते करू नका, हात जोडून सांगते.

डोंगरवाट, तुम्ही सावळे आहात, मीही आहे. रानात, हातात बंदूक, आवाज चढलेला सावळा माणूस कसा दिसतो याचा विचार तुम्हाला करावा लागणार. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये.

---

डोंगरवाट_पीए
९ डिसेंबर, रात्री १०:४८

मंजिरीताई, दोनदा वाचलं, बायकोलाही वाचायला दिलं.

शेवटचं जे लिहिलंत ते माझ्या मनात होतं, लिहायचं धाडस नव्हतं. त्यात अजून एक जोडतो, परदेशात राहणाऱ्यांना उपयोगी पडेल. माझं ग्रीन कार्ड आहे, सिटिझनशिप अजून नाही. बंदुकीशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरलं तर ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. आणि पेनसिल्वेनियात गोळी सुटायलाच पाहिजे असं नाही, धाक दाखवून समोरच्याला जिवाची भीती घातली तरी तो मारहाणीच्या कलमात बसतो. त्या तीस सेकंदांत त्या मुलाने पोलिसांना फोन करून सांगितलं असतं की याने आमच्यावर रायफल रोखली, तर माझ्याकडे नाही म्हणायला काय होतं? मी स्वतःलाच नक्की सांगू शकत नाहीये की नळी कुठे होती.

---

ह्यूस्टनकर_आबा
९ डिसेंबर, रात्री ११:१०

एच-वन-बी वाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मुळात बंदी आहे, हंटिंग लायसन्स चालू असेल तर अपवाद. आता टेक्सासने २०१९ मध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुकरं मारायला लायसन्सची अट काढून टाकली, आणि आपली पोरं म्हणतात चला, लायसन्सचे पैसे वाचले. अरे बाबांनो, राज्याला लायसन्स नकोय, पण तुमच्या हातात रायफल कायदेशीर आहे ती त्या लायसन्समुळेच. त्यात तुम्हीच कुठल्या कुंपणाच्या चुकीच्या बाजूला सापडलात आणि वॉर्डनने कागद मागितला तर घुसखोरी राहिली बाजूला, फेडरल केस होईल.

---

काळाकोट_रत्नागिरी
१० डिसेंबर, दुपारी १:३०

मी वकिली करते, मुख्यतः जमिनीचे दावे, पण परवानाधारक अशील बरेच असतात म्हणून भारतापुरतं लिहिते.

मालमत्तेच्या खासगी बचावाचा हक्क मृत्यू घडवण्यापर्यंत कधी जातो ते आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये आहे, पूर्वीचं भादंवि १०३. जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि ज्या चोरीत, नुकसानीत किंवा घरात घुसण्यात जीव जाईल वा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती आहे, मुख्यतः एवढंच. शेतात, बागेत कोणी नुसता शिरला हे यात नाही. शिवाय पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच मिळत नाही. नाशिकच्या दादांना सांगते, केबल चोरून पळत सुटलेल्याच्या पाठीत गोळी घालणारा आमच्याकडे आरोपी म्हणून येतो, फिर्यादी म्हणून नाही.

दुसरं, पिकाच्या संरक्षणासाठी दिलेला परवाना पिकाच्या संरक्षणासाठीच आहे. माणसाला धाक दाखवायला तीच बंदूक काढलीत तर परवान्याच्या अटींचा भंग होतो आणि जिल्हाधिकारी परवाना रद्द करू शकतात. आणि रानडुक्कर मारायलासुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते, नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. बागायतदार काकांनी केलं ते कायद्याच्याही दृष्टीने सगळ्यात सुरक्षित होतं. पोलीस पाटलांना घेऊन गेले हे विशेष, नाहीतर उद्या तीच पोरं उलटी तक्रार करू शकतात.

---

माजी_सुभेदार_सातारा
१० डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

२४ वर्षं फौजेत काढली. रोखठोक भाऊ आणि बाकीच्यांचा जो वाद चाललाय, बंदूक ठेवायची की हातात ठेवायची, त्यावर माझं म्हणणं असं की अंतर आणि आडोसा हे दोन प्रश्न आधी आहेत, बंदुकीचा नंतर.

पहाऱ्यावरचा जवान "थम, कौन आता है" म्हणतो तो आडोशातून म्हणतो. तो मोकळ्यात चालत जाऊन म्हणत नाही. समोरच्याला थांबायला सांगतो, स्वतः पुढे जात नाही. डोंगरवाट साहेब, तुमची चूक रायफल भरली ही नंतरची, आधीची चूक तुम्ही तीस पावलांवर मोकळ्यात गेलात आणि पाठीमागून हाक मारलीत ही. हत्यारी माणसाला पाठीमागून अचानक हाक मारायची नसते. बाजूला या, जाड झाडाच्या मागे या, आधी शिट्टी द्या किंवा साधं हॅलो म्हणा, त्याला आपल्याला शोधू द्या. मग तो शांतपणे वळतो, दचकून नाही.

झाडामागे असलात तर रायफल रिकामी आहे का भरलेली हा प्रश्न निम्मा सुटतो. खांद्याला पट्ट्याने उलटी, नळी जमिनीकडे, दोन्ही हात मोकळे आणि दिसतील असे. समोरचा शांत दिसला तर रिकामी करा. दारू प्यायलेला, शिव्या देणारा, नळी खाली न घेणारा असला तर रिकामी करत बसू नका, मागे सरका, निघा, फोन करा. जवानाच्या मागे पलटण असते, हुकूम असतो. तुमच्या मागे कोण आहे त्या रानात?

आणि चेहऱ्याकडे बघू नका, हातांकडे बघा. चेहरा सगळ्यांचाच घाबरलेला असतो.

---

रोखठोक_नाशिक
१० डिसेंबर, रात्री ८:००

सुभेदार साहेब, हे पटलं. मागे सरकणं म्हणजे हार असं डोक्यात बसलंय आमच्या, त्यामुळे आधी तसं लिहिलं. चोरीबद्दलचा राग मात्र जात नाही, वकीलताई, दोन वर्षांत तीन वेळा केबल गेलीय आणि तक्रार नोंदवून घेण्यापलीकडे काही झालं नाही. रात्री बागेत जाताना आता भावाला बरोबर घेईन आणि बंदूक घरी ठेवीन, एवढं तुमच्या सगळ्यांमुळे ठरवलं.

---

मंजिरी_मिनेसोटा
१० डिसेंबर, रात्री ९:३५

जखमी हरणाबद्दल एक राहिलं. मिनेसोटात नियम वेगळा आहे. बोर्ड नसलेल्या जमिनीवर जखमी जनावर आणायला पायी जाता येतं, आणून लगेच निघायचं. शिकारी कुत्रा गेला असेल तर तो आणायलाही जाता येतं, पण बंदूक न घेता. म्हणजे एका राज्यात शिकलेला माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर त्याला खरंच वाटू शकतं की आपण बरोबर आहोत. तुमचे ते दोघं कुठले होते कोण जाणे.

---

डोंगरवाट_पीए
५ ऑक्टोबर, रात्री १०:२०

दहा महिन्यांनी धागा वर काढतोय.

जानेवारीत शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेलो, जे पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. जमीन घेतली तेव्हा हद्दीवर हात हलवण्यापलीकडे आमचं बोलणं कधी झालं नव्हतं. बायकोने बेसनाचे लाडू दिले होते ते घेऊन गेलो. स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, मी प्रसंग सांगितला, तो गप्प. मग म्हणाला, तो माझा जावई आणि नातू. नातवाचं पहिलं हरीण होतं, गोळी त्याच्या मागच्या अंगाला लागली, ते तुमच्या बाजूला गेलं. आधीच्या मालकाच्या वेळी आम्ही कायम जायचो, त्याने कधी नाही म्हटलं नाही.

ते हरीण मिळालं का विचारलं, तर नाही म्हणाला. मी आणि माझ्या मित्राने दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या वरच्या अंगाला गिधाडं उतरलेली बघितली होती, तेव्हा जोडलं नव्हतं. नातू आता १६ वर्षांचा आहे, त्या दिवसानंतर पुन्हा रानात गेला नाही असं आजोबांनी सांगितलं, आणि त्याचं मला जास्त लागलं.

एप्रिलमध्ये तो मुलगा आणि त्याचा बाप आमच्याकडे आले. मी माफी मागितली, बापानेही मागितली, मुलगा खाली बघत होता. मी त्याला सांगितलं की मी रायफल पुन्हा का भरली ते मलाही माहीत नाही. तेव्हा तो म्हणाला, मीही सेफ्टी काढली होती. त्याच्या बापाला हे माहीत नव्हतं. आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

आता ठरलंय ते असं. दोन्ही घरांचे फोन नंबर एकमेकांकडे. जखमी जनावर हद्द ओलांडून गेलं की आधी फोन, मग रायफल हद्दीवर ठेवून मालकाबरोबर मिळून शोधायचं. गेम कमिशनच्या (राज्याच्या शिकार खात्याच्या) डिस्पॅचचा नंबर तिघांच्याही फोनमध्ये. आमच्यापैकी कोणी अनोळखी माणूस बघितला तर एकट्याने उतरायचं नाही, वरूनच शिट्टी द्यायची (सुभेदार साहेबांची शिट्टी, तिघांच्या गळ्यात आहे आता), आणि गळ्यात वेगळी दुर्बीण, आबा.

गेल्या दोन शनिवारी हद्दीला जांभळा रंग मारतोय. मुलगा आला होता मदतीला, त्याच्या बाजूच्या जुन्या दगडी खुणा त्यालाच माहीत, आमच्या सर्व्हेच्या कागदावर त्या नाहीत. ओढ्याच्या बाजूची तीसेक झाडं राहिलीत. उद्या पाऊस नसेल तर तो येतो म्हणालाय.

---

कातळावरचा_बागायतदार
६ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

दादा, त्या पोराला सीझनला तुमच्याबरोबर स्टँडवर बसवा.

---

डोंगरवाट_पीए
६ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

विचारलंय काका. अजून हो म्हणाला नाही.